मिठाचं द्रावण पाण्यात ओतलं: गार पाण्यात थंडावा, गरम पाण्यात काहीच नाही. असं का?

बुडबुडा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, एका साध्या प्रयोगाने डोकं पिकवलंय.

वजनाने २५ टक्के मीठ असलेलं द्रावण केलं, जवळजवळ संपृक्तच. त्यातलं १०० मिली घेतलं, म्हणजे साधारण अर्धा मोल सोडियम क्लोराइड आलं. हे द्रावण आणि ९०० मिली शुद्ध पाणी, दोन्ही २५ अंश सेल्सियसला आणून ठेवली. मग द्रावण पाण्यात सोडलं. तापमान पाव अंशाने उतरलं, नेमकं सांगायचं तर ०.२६. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

मग सगळं ६० अंशांना केलं. उतरलं फक्त ०.०४. माझ्या मोजमापाची चूकच जवळपास तेवढी आहे, म्हणजे काहीच झालं नाही म्हटलं तरी चालेल.

मीठ तेच, पाणी तेच, प्रमाण तेच. मग उष्णता कुठे गेली?

दुसरा प्रश्न यालाच जोडून. सोडियम क्लोराइडचं आणि पोटॅशियम क्लोराइडचं सारख्याच मोलॅलिटीचं (किलोभर पाण्यामागे तेवढेच मोल क्षार) द्रावण एकमेकांत मिसळलं, तर माझ्या थर्मिस्टरला (तापमान मोजणाऱ्या संवेदकाला) काहीच जाणवत नाही. तिथे मिसळण्याची उष्णता शून्यच असते का? आणि तापमान बदललं तर तीही बदलते का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

थंडोबा | रात्री ९:१८

थर्मामीटर बदला.

मोलभाव | रात्री ९:३१

थंडोबा, एवढ्यात निकाल? :)

बुडबुडा, ६० अंशांना उघड्या भांड्यात काम केलं असेल तर बाष्पीभवनच सगळा हिशोब गिळून टाकतं. पाण्याच्या बाष्पीभवनाची उष्णता ग्रॅममागे दोन हजार ज्यूलच्या वर आहे. तुमचा अख्खा परिणाम जेमतेम हजारेक ज्यूलचा. म्हणजे अर्धा ग्रॅम वाफ इकडची तिकडे झाली की संपलं. कुठेतरी पाणी मुरतंय, किंवा इथे उडतंय म्हणा.

बुडबुडा | रात्री ९:४४

मोलभाव, रास्त शंका. पण भांडं बंद होतं. दुहेरी भिंतीचा फ्लास्क, झाकणातून थर्मिस्टर आणि ढवळणी. द्रावण आतच पातळ काचेच्या कुपीत होतं, तापमान स्थिरावल्यावर कुपी फोडली. मिसळण्याआधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं तापमान कसं सरकतंय ते नोंदवून दोन्ही रेषा मागेपुढे वाढवल्या. कोरी चाचणीही केली: कुपीत मिठाऐवजी पाणी. २५ अंशांना कोऱ्या चाचणीत ०.०१ च्या आत, ६० ला ०.०२ च्या आसपास. म्हणजे फरक खरा आहे.

मोलभाव | रात्री ९:५२

मग शब्द मागे घेतो. कुपी फोडणाऱ्या माणसाशी वाद घालत नाही.

आयनापुरे | रात्री १०:०५

सोपं आहे की. मीठ विरघळताना उष्णता शोषतं, म्हणून थंडावा. गरम पाण्यात ते सहज विरघळतं, म्हणून उष्णता लागत नाही.

परीक्षानळी | रात्री १०:४०

आयनापुरे, दोन गोष्टींची गल्लत होतेय. बुडबुडा यांचं मीठ आधीच विरघळलेलं आहे. स्फटिक मोडायचा खर्च कधीच होऊन गेलाय. शिवाय 'सहज विरघळतं' म्हणजे 'कमी उष्णता लागते' असं समीकरण नाही. एक वेगाची किंवा विद्राव्यतेची गोष्ट आहे, दुसरी ऊर्जेची.

मी वर्गात हे शिकवते आणि दरवर्षी याच ठिकाणी गाडी अडते, म्हणून जरा पाल्हाळ लावते. तीन वेगवेगळ्या उष्णता आहेत.

घन मीठ पाण्यात टाकलं की ती विरघळण्याची उष्णता. झालेल्या द्रावणात आणखी पाणी घातलं की ती विरलनाची उष्णता. आणि दोन वेगळ्या क्षारांची द्रावणं एकत्र केली की ती मिश्रणाची उष्णता. बुडबुडा यांचा पहिला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, दुसरा प्रश्न तिसऱ्या प्रकारचा. तिन्हींची आकारमानं अगदी निराळी आहेत.

पण तापमानाचा नियम तिन्हींना एकच. गुस्ताव किरखॉफने तो १८५८ मध्ये मांडला. कुठल्याही प्रक्रियेची उष्णता तापमानाबरोबर किती बदलेल, हे ठरतं 'नंतरची उष्माधारकता वजा आधीची उष्माधारकता' यावर. उष्माधारकता म्हणजे एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. मिसळल्यावर जे तयार झालं ते तापवायला, वेगवेगळे असतानाच्या बेरजेपेक्षा कमी किंवा जास्त उष्णता लागत असेल, तर मिसळण्याची उष्णता तापमानागणिक बदलणारच. बदलली नाही तरच नवल.

आता मिठाच्या पाण्याची गंमत बघा. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८० ज्यूल लागतात. त्यात एक मोल, म्हणजे ५८ ग्रॅम मीठ विरघळवा. वजन वाढलं, तर उष्माधारकताही वाढायला हवी ना? उलट ती सुमारे ४० ज्यूलनी कमी होते! आयनांभोवतीचे पाण्याचे रेणू असे जखडले जातात की उष्णता साठवायचे त्यांचे नेहमीचे मार्ग बंद पडतात. मीठ आणखी विरल असेल तर प्रत्येक मोलमागची ही घट वाढत जाते. अतिविरल द्रावणात ती ८५ ज्यूलच्या आसपास पोचते. उलट संपृक्ततेजवळ घट जवळपास उरतच नाही, कारण आयन जास्त आणि पाणी थोडं, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र पाणी येतच नाही.

म्हणजे विरलन करताना आपण आयनांना जास्त पाणी 'जखडायला' देतो. एकूण उष्माधारकता घटते. फरक ऋण, म्हणून तापमान वाढलं की विरलनाची उष्णता ऋण बाजूकडे, म्हणजे ऊष्मादायी (उष्णता सोडणाऱ्या) बाजूकडे सरकते. २५ अंशांना ती शोषली जात होती, ६० पर्यंत येता येता शून्याजवळ आली. तुमचे आकडे अगदी सरळ वागताहेत.

उष्मांक | रात्री ११:१५

परीक्षानळी ताई, दंडवत. आकडे घालून बघितलं.

०.२६ अंश गुणिले साधारण ४.१ किलोज्यूल प्रति अंश, म्हणजे १.०७ किलोज्यूल. अर्ध्या मोलला एवढे, तर मोलमागे सुमारे २.१ किलोज्यूल शोषले. ६० अंशांना ०.०४, म्हणजे मोलमागे ०.३. फरक १.८ किलोज्यूल, ३५ अंशांमध्ये. अंशामागे ५० ज्यूल पडले. तुमच्या स्पष्टीकरणातून संपृक्त आणि विरल यांच्या घटीत असाच साठ-सत्तर ज्यूलचा फरक निघतो. घरच्या घरी केलेल्या प्रयोगाला याहून जवळ काय यायचं?

बुडबुडा | मंगळवार, सकाळी ७:२०

वा! रात्री झोपलो आणि सकाळी उत्तर तयार. परीक्षानळी, उष्मांक, आभार. म्हणजे ६० च्या पुढे गेलो तर तापमान वाढायला हवं?

परीक्षानळी | सकाळी ७:५५

हो. शंभर अंशांपर्यंतची विरलनाची उष्णता १९७० च्या दशकात प्रवाही कॅलरीमापीने काळजीपूर्वक मोजली गेली आहे. मेसिकोमर आणि वुड यांचं १९७५ चं काम नेमकं सोडियम क्लोराइडवर, २५ ते १०० अंश. गरम टोकाला मीठ विरल करताना उष्णता बाहेर पडते. तुमचं ६० हे चिन्ह बदलण्याच्या उंबरठ्यावरचं तापमान आहे. मात्र तो उंबरठा तुम्ही किती संहत द्रावणापासून किती विरलपर्यंत जाता, यावर मागेपुढे होतो.

गोंधळी | सकाळी ९:०२

माझाही एक गोंधळ सोडवा. घन मिठाची विरघळण्याची उष्णता २५ अंशांना मोलमागे +३.९ किलोज्यूल असते असं वाचलंय, अतिविरल द्रावणासाठी. परीक्षानळींच्या हिशोबाने हीसुद्धा तापमानाबरोबर घटणार. घन मिठाची उष्माधारकता मोलमागे ५० ज्यूल, विरघळल्यावर उणे ८५, म्हणजे फरक उणे १३५. ३.९ भागिले ०.१३५ केलं तर २९ अंशांत शून्य! म्हणजे ५५ अंशांच्या आसपास मीठ विरघळणं ऊष्मादायी व्हायला हवं.

मग ५५ च्या वर मिठाची विद्राव्यता तापमानाबरोबर कमी व्हायला हवी, नाही का? ल शातलिएच्या तत्त्वाने (तापवलं की समतोल उष्णता शोषणाऱ्या बाजूला सरकतो) तसंच निघतं. पण तक्त्यात १०० ग्रॅम पाण्याला शून्य अंशांना ३५.७ ग्रॅम आणि शंभर अंशांना ३९ ग्रॅमच्या वर आहे. ती सरळ वाढतच जाते.

मोलभाव | सकाळी ९:२०

गोंधळी, नाव गोंधळी पण प्रश्न नेमका. सावध होऊन वाचतोय.

शंकेखोर | सकाळी १०:४८

गोंधळी यांचा हिशोब बरोबर आहे (उष्माधारकतेतला फरक स्वतः तापमानाने बदलतो, त्यामुळे अंशभर इकडेतिकडे होईल, पण तो मुद्दा नाही). चूक शेवटच्या पायरीत आहे.

ल शातलिए लावायचा तो समतोलाला. समतोल कुठे आहे? संपृक्त द्रावणात. तिथे विचारायचं ते हे, की आधीच गच्च भरलेल्या द्रावणात आणखी एक चिमूट गेली तर उष्णता शोषली जाईल की सुटेल. तक्त्यातली ३.९ मात्र अथांग पाण्यात पहिली चिमूट टाकल्याची आहे. दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक, कारण संपृक्त द्रावणात त्या चिमटीला मोकळं पाणीच मिळत नाही, आणि परीक्षानळी म्हणाल्या तशी उष्माधारकतेतली घटही जवळपास नाही. म्हणून ती शेवटच्या चिमटीची उष्णता तापमानाने फारशी हलत नाही, थोडीशी धनच राहते. विद्राव्यता हळूच वाढते ती त्यामुळे.

पुस्तकं 'विरघळणं ऊष्माग्राही तर विद्राव्यता वाढते' असं एका दमात सांगून मोकळी होतात. कोणत्या चिमटीची उष्णता, हे विचारायचं राहून जातं. सोडियम हायड्रॉक्साइड तर विरघळताना मोलमागे ४४ किलोज्यूल सोडतं आणि तरी गरम पाण्यात जास्त विरघळतं. इथेही मेख तीच, शिवाय संपृक्त द्रावणाखाली तळाशी बसलेला घन हा कोरडा हायड्रॉक्साइड नसून त्याचा जलयुक्त स्फटिक असतो.

गोंधळी | सकाळी ११:०५

'कोणत्या चिमटीची' हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

तळटीप | सकाळी ११:४०

जलयुक्त स्फटिकाचा विषय निघालाच आहे तर सोडियम सल्फेट आठवतं. दहा पाणी असलेला स्फटिक विरघळवला तर मोलमागे जवळपास ७९ किलोज्यूल शोषतो, हात गारठतो. तेच कोरडं सल्फेट टाकलं तर दोन-अडीच किलोज्यूल सुटतात. ३२.४ अंशांच्या खाली तळाशी पहिला असतो, वर दुसरा. म्हणून विद्राव्यतेचा आलेख तिथपर्यंत चढतो आणि तिथून कडा मोडल्यासारखा वळून उतरतो. इथे शेवटची चिमूट स्वतःच वेश बदलते.

थंडोबा | दुपारी १२:१०

चिमटीवर चिमटी काढताहेत लोक. थर्मामीटर बदलायचा राहिलाच.

आयनापुरे | दुपारी १२:३०

कालच्या प्रतिसादाबद्दल माफी. पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. तापमान वाढलं की रेणूंची धावपळ वाढते, मग आयनांचं एकमेकांवरचं विद्युत बल कमी परिणामकारक व्हायला हवं. म्हणजे गरम पाण्यात आयन एकमेकांना विसरायला हवेत आणि विरलनाची उष्णता, चिन्ह काहीही असो, शून्याकडे जायला हवी. तुम्ही तर म्हणता ती दुसऱ्या बाजूला वाढत जाते.

शंकेखोर | दुपारी २:१५

माफी कसली, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

धावपळ वाढते हे खरं. पण त्याच वेळी पाणीही बिघडतं. आयनांमधलं बल झाकण्याची पाण्याची ताकद म्हणजे त्याचा परावैद्युत स्थिरांक. शून्य अंशांना तो ८७.९, २५ ला ७८.४, शंभरला ५५.६. आयन एकमेकांना किती जाणवतात, हे हा स्थिरांक आणि केल्विनमधलं तापमान यांच्या गुणाकारावर ठरतं. गुणाकार मोठा तर जाणीव कमी. करून बघा: शून्य अंशांना २४,०००, पंचवीसला २३,४००, शंभरला २०,७००. गुणाकार घटतोय! पाण्याची झाकण्याची ताकद धावपळीपेक्षा वेगाने ढासळते. म्हणजे गरम पाण्यात आयन एकमेकांना जास्त जाणवतात.

यातून आणखी एक उलटी गोष्ट निघते. धन आणि ऋण आयन जवळ आले की ऊर्जा सुटते असं आपण धरून चालतो. पाण्यात तसं नाही. उष्णता किंचित लागते. फायदा होतो तो एन्ट्रॉपीचा, म्हणजे विस्कळीतपणाचा, कारण आयनांनी शिस्तीत उभे केलेले पाण्याचे रेणू सुटे होतात. म्हणून अतिविरल द्रावण आणखी विरल केलं, आयन लांब गेले, की उष्णता बाहेर पडते. डिबाय आणि ह्युकेल यांच्या १९२३ च्या सिद्धांतातून ही मर्यादा थेट निघते आणि कुठल्याही क्षाराला लागू पडते. तापमान वाढलं की हा ऊष्मादायी भाग वाढतो.

बुडबुडा यांच्या २५ अंशांच्या प्रयोगात संहत द्रावणातले जवळचे परिणाम (आयनांच्या पाण्याच्या झुली एकमेकींत घुसणं वगैरे) उलट दिशेला ओढत होते आणि जिंकत होते. ६० अंशांना रस्सीखेच बरोबरीत सुटली.

मोलभाव | दुपारी २:४०

'पाण्यातच पाहतात' हे आयनांच्या बाबतीत शब्दशः खरं निघालं.

परीक्षानळी | दुपारी ४:३०

शंकेखोर, छान. ही रस्सीखेच पुढे एकतर्फी होते, तेही सांगायला हवं. दोनशे-तीनशे अंशांना, दाबाखाली द्रवच ठेवलेल्या पाण्यात, विरलनाची उष्णता २५ अंशांच्या कितीतरी पट मोठी आणि पूर्ण ऊष्मादायी होते. पाण्याच्या क्रांतिक बिंदूजवळ (जिथे द्रव आणि वाफ यांतला भेद मिटतो), ३७४ अंश आणि सुमारे २१८ वातावरणांच्या दाबाला, अतिविरल मिठाची उष्माधारकता उणे अनंताकडे धावते. तिथे आयन जोड्या करून राहायला लागतात. खोलीच्या तापमानाचा तक्ता सरळ रेषेत ताणून तिथवर नेणाऱ्याची फजिती ठरलेली. बाष्पकात, भूऔष्णिक विहिरीत, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांत हेच द्रावण असतं.

तळटीप | संध्याकाळी ६:०५

अवांतर: उष्माधारकता आणि तापमान हा विषय चाललाय म्हणून माझी लहानपणापासूनची ठुसठुस सांगतो. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या उदासिनीकरणाची उष्णता माझ्या शाळेच्या पुस्तकात ५७.३ किलोज्यूल होती. पुढे वाचलेल्या ग्रंथांत ५५.८. मला वाटायचं, एकाने छापताना चूक केली.

चूक कोणाचीच नव्हती. ५५.८ हा २५ अंशांचा, अतिविरल द्रावणाचा आकडा. या प्रक्रियेत उष्माधारकतेचा फरक मोठा आहे, अंशामागे सुमारे ०.२२ किलोज्यूल. जुनं उष्मारसायन बहुतेक १८ अंशांना चालायचं. डेन्मार्कच्या युलियस थॉमसनची प्रचंड मोजमापं त्याच सुमाराची. आता ७ गुणिले ०.२२ करा आणि ५५.८ मध्ये मिळवा. ५७.३! १३.७ किलोकॅलरी म्हणून शतकभर छापला गेलेला आकडा हाच. पुस्तकांनी एकक बदललं, तापमान सांगायचं मात्र राहिलं.

उष्मांक | संध्याकाळी ६:२०

तळटीप, हे भारी आहे. माझीही तीच ठुसठुस होती. आज गेली.

गोंधळी | संध्याकाळी ६:३४

माझ्या पुस्तकात ५७.१ होतं. त्याचा जन्म कुठल्या तापमानाला झाला असेल?

तळटीप | संध्याकाळी ६:५०

त्याच रेषेवर १९ अंश येतात, पण इतक्या बारीक फरकात द्रावणाची संहतीही बोलायला लागते. पत्रिका मांडत नाही. :)

बुडबुडा | रात्री ८:१५

सगळं वाचतोय, वही भरत आली. पण माझा दुसरा प्रश्न वळचणीला पडलाय. सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एकमेकांत मिसळले तर?

परीक्षानळी | रात्री ९:५०

बरं झालं आठवण केलीत.

जर्मेन हेस आपल्याला उष्णतांच्या बेरजेच्या नियमामुळे माहीत आहे (१८४०). त्याच सुमारास त्याने आणखी एक निरीक्षण नोंदवलं होतं: उदासीन क्षारांची विरल द्रावणं मिसळली आणि साका बसला नाही, तर उष्णता ना सुटते ना शोषली जाते. हे का, ते कळायला अर्हेनियसचा १८८७ चा सिद्धांत यावा लागला. क्षार आधीच आयनांत सुटलेले आहेत. मिसळून नवं काही घडतच नाही. तुमच्या थर्मिस्टरने हेसलाच दुजोरा दिला.

पण 'काहीच नाही' हे अगदी खरं नाही. १९२२ मध्ये ब्रॉन्स्टेडने म्हटलं होतं की सारख्या भाराचे आयन एकमेकांना इतकं दूर सारतात की त्यांच्यात व्यक्तिगत असं काही घडत नाही. शिकागोच्या टी. एफ. यंग आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात ते उष्णतेने तपासलं. युक्ती साधी: दोन्ही द्रावणांची आयनिक तीव्रता (आयनांचा भार धरून काढलेली एकूण संहती) सारखी ठेवायची, म्हणजे विरलनाचा गोंगाट बाजूला पडतो आणि उरतो तो सोडियम-पोटॅशियमचा आपापसातला हिशोब. तो शून्य निघाला नाही. एक मोलॅलिटीला निम्मेनिम्म मिसळलं तर किलोमागे काही दशक ज्यूल सुटतात. तापमानात फरक किती? अंशाचा शंभरावा भाग! तुमच्या उपकरणाला तो दिसणार नाही, हा दोष उपकरणाचा नाही.

गंमत अशी, की जोडीतला सामाईक ऋण आयन क्लोराइड असो वा ब्रोमाइड, आकडा जवळपास तोच राहतो. आणि लिथियम-सोडियमची जोडी उष्णता शोषते, तर सोडियम-पोटॅशियमची सोडते. नेहमीचं स्पष्टीकरण असं: लिथियम, सोडियम हे पाण्याची वीण घट्ट करणारे, पोटॅशियम, सीझियम ती सैल करणारे. एकाच पंथाचे दोघे मिसळले तर शोषण, विरुद्ध पंथाचे मिसळले तर उत्सर्जन.

शंकेखोर | रात्री १०:२०

ताई, आकडे मान्य. 'वीण घट्ट करणारे, सैल करणारे' हे मात्र मला नेहमीच उत्तर पाठ करून प्रश्न रचल्यासारखं वाटतं. आयन कुठल्या पंथाचा हे आपण उष्णता, उष्माधारकता, श्यानता यांवरूनच ठरवतो आणि मग त्याच पंथाने उष्णता समजावतो. २००३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला बाकर यांच्या गटाने अतिजलद अवरक्त स्पंदांनी पाहिलं, तेव्हा आयनाच्या लगतच्या थराबाहेरच्या पाण्यावर फारसा परिणाम आढळला नाही. मग ही 'वीण' आहे कुठे?

परीक्षानळी | रात्री १०:४५

आक्षेप योग्य आहे. मी ते वर्गीकरण चिन्ह लक्षात ठेवायची खुंटी म्हणून वापरते, भिंत म्हणून नाही. परिणाम लगतच्या थरातच असेल तरी एक मोलॅलिटीला किलोभर पाण्यातल्या साडेपंचावन्न मोलांपैकी दहाबारा मोल त्या थरांतच असतात. ते काही थोडं नाही.

शंकेखोर | रात्री १०:५८

एवढ्यावर तह.

उष्मांक | रात्री ११:१०

आणि तापमानाचं काय? या जोड्यांची उष्णताही चिन्ह बदलते?

परीक्षानळी | रात्री ११:३५

किरखॉफ इथेही सुटत नाही: उतार म्हणजे मिसळल्यावर उष्माधारकतेत पडलेला फरक. फक्त इथे आधी-नंतर दोन्हीकडे आयनांना पाणी तेवढंच मिळतं, म्हणून तो फरकही बारीक. विरलनासारखा ३५ अंशांत खेळ उलटत नाही. मोजायचं तर दोन मार्ग. एक, प्रत्येक तापमानाला हे शंभरावे भाग पकडत बसा. दोन, मिश्रणाची आणि सुट्या द्रावणांची उष्माधारकता प्रवाही पद्धतीने नेमकी मोजा आणि २५ अंशांच्या एका चांगल्या आकड्यावरून पुढे बेरीज करत जा. दुसऱ्यात कष्ट कमी, पण उष्माधारकतेतली बारकी चूक दर अंशाला साठत जाते.

बुडबुडा | शुक्रवार, रात्री ९:०५

उशीर झाला, पण हात रिकामे नाहीत. तोच पहिला प्रयोग आता ७५ अंशांना केला. चार वेळा: +०.०३, +०.०५, ०.००, +०.०४. कोऱ्या चाचणीचा पसारा या तापमानाला ०.०३ झालाय. वाढतंय असं वाटतं, पण चिन्हावर पैज लावायची माझी हिंमत नाही.

आणि थंडोबा, तुमच्या माहितीसाठी: थर्मिस्टर खरोखरच बदलावा लागला. जुन्याचं अंशांकन ६५ अंशांपर्यंतच होतं.

थंडोबा | रात्री ९:०७

पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

मोलभाव | रात्री ९:३०

बुडबुडा, परिणाम मोठा हवा असेल तर पाणी कमी करा. १०० मिली द्रावणात ९०० ऐवजी ३०० घ्या. उष्णता थोडी घटेल, पण ती वाटली जाईल चारशे मिलीत. कुपीच्या वरची मोकळी हवाही कमी ठेवा. ७५ ला तीच वाफ खाते.

शंकेखोर | रात्री ९:४८

मोलभाव, २५ अंशांना हे चाललं असतं. ७५ ला संपृक्तपासून मध्यम संहतीपर्यंतचा उतार जवळपास सपाट आहे. ऊष्मादायी भाग विरल टोकाला साठलेला. तिथे पाणी कमी केलं तर हाती येतंय तेही जाईल. मी उलट सांगेन: सुरुवातच एक मोलॅलिटीच्या द्रावणाने करा आणि दहापट विरल करा. चिन्ह तिथे स्वच्छ असायला हवं, पण आकडा इतका लहान येईल की आधी कोऱ्या चाचणीचा ०.०३ चा पसारा कमी करावा लागेल.

बुडबुडा | रात्री १०:०२

दोन्ही करून बघतो. कुप्या सहाच उरल्यात.